कौल

"सर, उत्तर तेवढं सांगा की."
वैजू गुंजीकर दारातच उभा,
साडेचारची बस दहा मिनिटांवर,
बोटांना लाल माती, वहीलाही.

म्हटलं, मी काय गुरव आहे,
देवाच्या अंगाला फुलं चिकटवून विचारायला,
उजवं पडलं तर साइन, डावं पडलं तर कॉस?
बस त्या बाकावर.

गणित तसं साधंच.
एक उतार, उतारावर एक ठोकळा.
ठोकळ्याला गाव नाही, रंग नाही,
इंग्रजी पुस्तकातले ठोकळे असेच येतात,
कुठल्याच बसनं न आल्यासारखे.
वैजू दहावीपर्यंत मराठीत,
पीयूसीला पुस्तक इंग्रजी, नोटीस कन्नड,
आणि डोकं तिन्हींमध्ये ये-जा करून दमलेलं.
फ्रिक्शन म्हणजे घर्षण, मी सांगितलं.
"होय, घर्षणे," तो म्हणाला,
"कंडक्टरचं नि माझं रोज होतंय ते."

मी ठोकळा पुसला. तिथं कौल काढलं.
खानापूरच्या भट्टीतलं, कडेला जरा जास्त भाजलेलं,
त्याचे वडील दिवसभर उचलतात तसलं.
मग बाण त्यानंच काढले, न विचारता:
सरळ खाली वजन,
छपराला काटकोनात आधार,
आणि उताराच्या उलट, धरून ठेवणारं ते.
तिथवर हात चालला.
पुढं नेहमीचंच,
साइनच्या घरात कॉस जाऊन बसला.

चूक माझ्या जिभेवर आली होती, मागे घेतली.
म्हटलं, छप्पर सपाट कर. कोन शून्य.
आता तुझं सूत्र काय म्हणतंय?
त्यानं आकडा घातला. बघत राहिला.
रस्त्यावर बस येऊन गेली, त्यालाही कळलं, मलाही.
"सर, हे तर भुईवर ठेवलेलं कौल पळायलंय!"
आणि असा हसला,
की चूक माझ्या लाल पेनाची राहिली नाही,
त्याची झाली.

त्या दिवसापासून वहीचं डावं पान
फक्त अडलेल्यासाठी. मी तपासायचं नाही,
दाखवलंस तर बघीन.
कधी कधी दाखवायचा.

मंगळवार. चित्राआधीच सूत्र हुडकलं. का? भ्यालो.
शुक्रवार. एकक सुटलं. का? बस.
सोमवार. येत होतं, तरी मागचं उत्तर आधी बघितलं. का?
पुढं रिकामं.
त्या रिकाम्या जागेवर मी पुष्कळ बोललो असतो,
पूर्वी.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर आला, वेगळाच.
बाबांच्या भट्टीवर फळी तिरपी केली म्हणे,
दोऱ्याला खडा बांधून कोन मोजला,
बत्तीस अंशांवर कौल सुटलं.
वर वीट ठेवली. तरी बत्तीस.
दोन विटा ठेवल्या, बाबा ओरडले, तरी बत्तीसच.
"वजनाचा संबंधच नाही, सर!"
हे पान एकशे चारवर छापलेलं आहे,
चौकटीत, ठळक अक्षरांत.
मी त्या पानावर हात ठेवून बसलो
आणि म्हटलं, असं होय?

जाता जाता दारात थांबून विचारलं,
"आणि कौल ओलं असलं तर?"

माझीही एक वही आहे. कुणी बघितलेली नाही.
डावं पान, तारीख आजची:
ओल्या कौलाचं वैजूनं विचारलं.
त्याच्याकडे फळी होती, दोरा होता,
बादलीभर पाणीही निघालं असतं.
मी तिथल्या तिथं सांगून टाकलं.
का?
मला येत होतं म्हणून.