दहा नंबरचा पाना

मे महिन्यात भुसावळला लोखंडसुद्धा सावली शोधतं.
माझी गाडी पत्र्याखाली उभी.
हर्षलने बंगळूरूहून फोनवरच घेऊन दिलेली,
तीन वर्षांत चार हजार दोनशे किलोमीटर,
त्यातले बरेचसे मुश्ताक मिस्त्रीकडे जाऊन येण्याचे.

मी अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी
इगतपुरीहून इथवर आणायचो,
पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली.
आता बारा व्होल्ट सांभाळताना दम लागतो.

मुश्ताक बॉनेटमध्ये वाकून म्हणाला,
"साहेब, हिला थंडी नाही मारत, ऊन मारतं.
आणि दारात नुसती घुरघुरत ठेवून काय होणार?
पाऊण तास पळवा,
नाहीतर वजा टोक काढून ठेवा."
मी म्हटलं, उभ्या गाडीची बॅटरी उतरते तरी कशी?
दिवा नाही, पंखा नाही, कोणी बसतही नाही.
"घड्याळ चालू असतं ना," तो म्हणाला.
"रेडिओला स्टेशनं लक्षात ठेवायची असतात.
कुलूप किल्लीची वाट बघत असतं.
एवढं एवढंच खातात, पण रोज खातात."

त्या रात्री गच्चीवर झोप आली नाही.
यार्डात शंटिंग चाललेलं,
डबा डब्याला भिडला की मी मोजत होतो.
नऊ वर्षं झाली रिटायर होऊन,
अजून अडीच वाजता कान दाराशी जातो,
कॉलबॉय सायकल टेकवेल म्हणून.

तेव्हापासून वजा टोक काढलेलं असतं.
रविवारी दहा नंबरचा पाना घेऊन जातो.
टोकावर भुरी चढलेली, वांग्याच्या पानावर चढते तशी,
थोडी हिरवट.
गरम पाणी, जुना टूथब्रश, वर व्हॅसलीनचं बोट.
नट आवळताना एक बारीक ठिणगी,
आणि काचेमागे घड्याळ उगवतं: बारा.
दर रविवारी बाराच.
रेडिओ जळगाव आकाशवाणी साफ विसरलेला.

मला चुकीचं घड्याळ सहन होत नाही.
आधी गार्डाच्या घड्याळाशी आपलं मिळवायचं,
मगच ब्रेकला हात, अशी तेहतीस वर्षं.
म्हणून सीटवर बसून ओरडतो, "किती वाजले?"
फोन खिशात असतो. तो काढत नाही.
कोकिळा मागच्या अंगणात,
थंडीत पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजत,
उन्हाळ्यात कुरडयांवरच्या चिमण्या हाकलत.
तिकडून आवाज येतो, "नऊ अठरा."
"नऊ अठरा," मी परत म्हणतो
आणि बटण दाबत राहतो नऊ येईपर्यंत,
मग अठरा येईपर्यंत.
तोवर एकोणीस झालेले असतात.

गेल्या रविवारी फाटकाबाहेर केळीचा पिकअप बंद पडला.
पालचा पोरगा, भायसिंग, बावीस-तेवीसचा,
घामाने शर्ट पाठीला चिकटलेला,
माल सावद्याला अकराच्या आत पोचवायचा.
लाल तार लालला, काळी लोखंडाला.
माझी गाडी गुरगुरली, त्याची खोकली,
तिसऱ्यांदा उठली.
जाताना दोन फण्या मागच्या सीटवर ठेवल्या त्याने
आणि विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे निघाले होते?"

मला उत्तर सुचेना.
कोकिळेने हात पदराला पुसले,
चिमण्यांना एकदा शेवटचं हाकललं
आणि शेजारी येऊन बसली. "कुठी जायाचं?"
"पाऊण तास," मी म्हटलं.
पट्टा लावता लावता ती काचेमागे बघून म्हणाली,
"हे घड्याळ एक मिन्ट मांगे हाये."

राहू दिलं.
बावीस मिनिटं झाली तिथे गाडी वळवली,
बाभळीखाली थांबून एकेक केळं खाल्लं.
गाव कोणतं होतं,
पाटी वाचायची राहिली.