कोइवुलांपी

उणे अठ्ठावीस. घुमटाची झडप उघडायला
डॉक्टर सिरोलांनी त्या रात्री हातोडा वापरला.
मी खालच्या खोलीत, मोज्यांवर मोजे चढवून,
फेब्रुवारी अडतीसच्या दोन काचा शेजारी शेजारी ठेवून
भिंगातून बघत होते.
तारे म्हणजे शिस्तीची पोरं, जागा सोडत नाहीत.
एकाने सोडली.
किती? मिठाच्या कणाची सावली पडेल, तेवढी.
मी ओरडले नाही.
आधी काच पुसली, मग भिंग, मग चष्मा.
तरी हललेलाच.

तात्पुरतं नाव आलं: साल आणि दोन अक्षरं,
दवाखान्यात बाळाच्या मनगटाला बांधतात तसं.
कक्षा मात्र माझ्या हातची.
लॉगरिदमची सात आकडी कोष्टकं,
मूठ फिरवायचं गणकयंत्र, सहा आठवडे, दीड खोडरबर.
एका फेरीला चार वर्षं सात महिने.
मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे,
नऊ अंशांनी कललेला,
घाईत टांगलेल्या तसबिरीसारखा.
दर सव्वा वर्षाने सूर्याच्या बरोबर समोर येणार,
आणि दिसला तर तेव्हाच दिसणार.

पुढची भेट एकोणचाळीसचा मे.
तुर्कूला मे अखेरीस रात्र होते ती नावापुरती,
आकाश ताकासारखं. हुकली.
त्यापुढची चाळीसचा सप्टेंबर.
मधे एक हिवाळा गेला. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय.
आम्ही काचा तळघरात बटाट्यांखाली पुरल्या होत्या,
मी एवढंच सांगते.

सप्टेंबरात तो होता.
मी सांगितलेल्या जागेच्या जरा पूर्वेला.
चूक माझी होती, त्याची नव्हे.

त्याच शरदात हिल्या केट्टुनेन
वेधशाळेच्या शेगड्या पेटवायला लागली.
एक गाय आणि शिवणयंत्राचं नुसतं वरचं अंग घेऊन आलेली,
गाव नव्या सरहद्दीपलीकडे राहिलेलं.
बेचाळीसमध्ये परत गेली. छप्पर घातलं, बटाटे लावले.
चव्वेचाळीसमध्ये पुन्हा आली, गाईशिवाय.
मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"इथली लाकडं ओली आहेत."

लढाई संपली, पत्रं येऊ लागली,
आमच्या ठिपक्याला क्रमांक मिळाला.
सिरोला म्हणाले, "नाव तू सुचव.
देवी संपल्या, माझ्या मावश्याही संपल्या."
मी म्हटलं, कोइवुलांपी.
"कुठंय हे?"
"होतं. नकाशात आता दुसऱ्या नावाने आहे."
त्यांनी पाइप उगाच दोनदा ठोकला
आणि स्पेलिंग विचारलं.

हिल्याला सांगायला मी भलती वेळ निवडली,
ती राख काढत होती.
"तिथे तळं आहे?"
पाणीच नाही, म्हटलं. हवाही नाही.
"बर्चची झाडं?"
दगड आहे नुसता. वीसेक किलोमीटरचा.
"म्हणजे गावापेक्षा मोठा."
बराच वेळ राख चाळत राहिली.
"कुणाच्या ताब्यात आहे?"
कुणाच्याच नाही.

मग तिला बघायचंच होतं.
नुसत्या डोळ्याला दिसत नाही म्हटलं, तेव्हा
"तुम्हाला कसा दिसला?" म्हणाली.
मी अडतीसची काच काढली, दिव्यासमोर धरली,
पेन्सिलीने वर्तुळ केलेला ठिपका दाखवला.
हिल्याने एप्रनचं टोक ओलं केलं
आणि तो पुसला.
गेला नाही.
पुन्हा पुसला, जोर लावून.
पेन्सिलीचं वर्तुळ गेलं. ठिपका राहिला.
"बरं," म्हणाली, आणि शेगडीकडे गेली.
काचेवर अंगठ्याचा राखेचा ठसा आहे,
तो मी कधी धुतला नाही.
नोंदवहीत लिहायला हवं होतं, तेही केलं नाही.

हिल्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
वेधशाळेत आता नवी माणसं, नवी यंत्रं,
कोष्टकं त्यांनी मला घरी देऊन टाकली.
हिशेब अजून ठेवते, सवय म्हणून, बोटांवर.
यंदाची भेट जूनमध्ये पडते.
म्हणजे अंधार होणारच नाही.
ते येईल, सूर्याच्या बरोबर समोर उभं राहील,
आणि आम्ही इथे रात्री दहा वाजता
उन्हात चादरी वाळत घालत असू.