अडीच तारे

मस्कतच्या मराठी मंडळाचा अंक, पान अकरा,
सोनाराच्या जाहिरातीखाली
आमचा सहावा अल्बम.
अडीच तारे.
अर्धा तारा कात्रीने कापल्यासारखा छापलेला.

बँडचं नाव बताका, इथल्या रहिवासी कार्डावरून,
जे आपण रुळेपर्यंत संपतं.
अल्बमचं नाव नूतनीकरण.
समीक्षकाला एवढं पुरलं:
"नाव नूतनीकरण; नूतन काही शोधूनही सापडत नाही.
पहिल्या अल्बमातली आग केव्हाच विझली,
आता हे गृहस्थ राखेला फुंकर घालतात."

वाक्य चांगलं होतं. मी दोनदा वाचलं.

वादी कबीरमध्ये, पडद्यांच्या दुकानामागे
गादीवाल्याकडच्या फोमचे तुकडे चिकटवलेली खोली.
रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद.
जुलै.
रोमेलच्या मुठीतून काठी निसटायची,
घाम सिंबलवर वाळून मिठाचे डाग राहायचे.
त्र्यंबक दिवसा बँकेत लोकांच्या सह्या जुळवतो;
वरचा सा तिसऱ्यांदा फाटला तेव्हा म्हणाला,
अर्धा स्वर खाली घेऊ या.
कुणी काही बोललं नाही.
मी बेसच्या तारा सैल केल्या.
बावन्नाव्या वर्षी हे काम पटकन होतं.

मग पुण्याच्या एका मासिकाने साडेचार दिले:
"अल्बमभर तळाशी एक अखंड स्वर घुमतो,
वाळवंटाचा गूढ षड्ज.
परमुलखातलं एकटेपण इतकं नेमकं
आजवर कुणी धरलं नव्हतं."
अँसेल्म हसता हसता स्टुलावरून घसरला.
भिंतीपलीकडे मोइदूक्काची लाँड्री,
तिथलं कपडे सुकवायचं यंत्र होतं ते.
कितीही फोम लावा, यायचंच.
शेवटी आम्हीच त्याच्या पट्टीत वाद्यं लावली.
आता हे सांगणार कुणाला?
त्र्यंबकने कात्रण लॅमिनेट करून घेतलं.
अडीचवालं माझ्या पाकिटात आहे, बताक्याच्या मागे.

गुरुवारी पँट आणायला गेलो.
मोइदूक्का वाफेत, कोपरापर्यंत.
एकवीस वर्षं आमचं सगळं ऐकलेला माणूस:
चुकलेले टेक, पैशांवरून भांडणं,
कीबोर्डवाला कॅनडाला गेला त्या रात्री
दोनदा आपटलेलं दार.
नवीन ऐकलंत का, मी विचारलं.
त्याने इस्त्री उभी करून ठेवली.
"पहले तुम लोग बहुत जोर से बजाता था.
अभी सुनाई देता है."

मग माझ्या पँटची घडी मोडून पुन्हा घातली,
डाव्या पायाची क्रीज सरकली होती म्हणे.
तीनशे बैसा.
सुट्टे नव्हते. राहू दे म्हणाला.
मागे यंत्र चालूच.
पँट हातावर टाकून मी दारात उगाच उभा राहिलो,
नीट ऐकून घेतलं एकदा:
काळी दोन,
जराशी उतरलेली.