दोन पौंड

दुकानातलं जिग बारा औंसांचं.
रंगवलेले डोळे, पोटाखाली चांदी.
पाण्यात सोडलं की दोरी तिरपी होत जाते,
मांजा असावा तशी, फक्त पतंग खाली.
ऐंशी वाव दोरी संपते
आणि तळ तिथेच, तीस वावांवर,
आपल्याला न विचारता पडून.

कुक इनलेटमध्ये उधाणाच्या दिवसांत
पाणी पंचवीस फूट चढतं, पंचवीस फूट उतरतं.
मधे थांबतं ते
अनफिसाचा चहा निवेपर्यंत.
बाकी वेळ ती खाडी नसतेच,
उतारावरून सुटलेली नदी.
भांगेलासुद्धा बारा औंसांना कोण विचारतो?

म्हणून शिसं.

शिसं बापाच्या जाळ्याच्या तळदोरीतलं.
ऑरेगॉनला जाताना किप्रियानने जाळं विकलं,
बुचं विकली, होडीतला आपला हिस्सा मला विकला.
तळदोर कुणी घेतली नाही.
सात हिवाळे शेडमागे, वेटोळं करून.
चाकूने तिची वीण उसवली:
आत मण्यामागे मणी, काळपट,
हाताला गार आणि अपेक्षेपेक्षा जड.

पाईप तांब्याचा, याच घराचा.
त्या जानेवारीत न्हाणीत फुटला होता;
फाटलेला भाग कापून टाकला,
उरलेल्याचे वीतभर तुकडे केले,
टोकं तिरकी, म्हणजे खाली जाताना
जखमी माशासारखी गिरकी घेतील.
मधून पोलादी तार. एक टोक पक्कडशिंगीत दाबून बंद.
मग रात्रभर चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवले,
कारण आत पाण्याचा एक थेंब जरी राहिला
तर उकळतं शिसं तोंडावर उडतं.
पानक्रातच्या भुवया अजून पुरत्या आल्या नाहीत.

मळी वर यायला मेण लागतं.
मेणबत्तीचं एखादं टोक मागितलं
तर अनफिसाने मूर्तींच्या कोपऱ्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि दोरा ओढायचा मेणाचा गोळा फेकला.
धूर झाला. राखाडी साय बाजूला सारली.
खाली आरसा.
त्यात माझी दाढी, शेडचं छप्पर, एक कावळा.
ओतलं.

पिठाच्या काट्यावर: दोन पौंड, वर थोडं.
(काटा तीनदा धुवायला लावला.)

येरमिलला म्हटलं, सोड.
या वेळी दोरी उभी गेली,
ओळंब्यासारखी.
अठरा वाव. पंचवीस. तीस.
टक्.
दोरीतून बोटात, बोटातून दाढेत.
पोरगं हसलं. ठाव लागला की
माणूस का हसतो कोण जाणे.

उचल, आपट. उचल, आपट.
मग जोरात ओढ.
"हॅलिबट!" येरमिल ओरडला,
"दाराएवढा!"
मी दोरी हातात घेतली.
माशाची ओढ आणि खडकाची ओढ
यांत फरक थोडाच:
मासा मधेच विचार बदलतो.
होडी पाण्याबरोबर निघाली होती,
दोरी गाऊ लागली, चाकू माझ्याच खिशात.

दोन पौंड.
बापाच्या बारा वर्षांच्या मोसमातला
एक हातभर तुकडा.
येरमिल नाक पुसत म्हणाला, थंडी आहे.

रविवारी किप्रियानचा फोन.
तिकडे पाऊस, गुडघे, मुलीची साखरपुड्याची गडबड.
तळदोरीचं मी काही बोललो नाही.
बोलता बोलता त्यानेच विचारलं,
"किती वजनाचं टाकतोस हल्ली?"
"दोन पौंड."
फोनमध्ये बराच वेळ नुसता पाऊस.
"बाबा तीन टाकायचे," तो म्हणाला.

संध्याकाळी उरलेली दोर मोजली.
शिसं पुरेल.
पण तीन पौंडांना पाईप लांब लागतो, रुंद लागतो,
आणि तसा एकच आहे घरात,
स्वयंपाकघरात, खिडकीखाली.

त्यातून अजून पाणी येतं.