पंधरा गोळ्यांचा पत्ता

जीभ सोलून निघाल्यासारखी लाल झाली
आणि मशीनवर डावा पाय कुठे संपतो,
पायटा कुठे सुरू होतो, कळेना,
तेव्हा पार्बतामावशी म्हणाली, "लाखोरीची भाजी खाय."
खाल्ली. महिनाभर खाल्ली.
दवाखान्यातल्या बाईंनी खालची पापणी ओढून पाहिली
आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला,
चिठ्ठीच्या पन्ह्यात न मावणारा.

तुमसरला, योगेश्वरच्या मेडिकलात,
काउंटरवर सहा डबे मांडले त्यानं,
जशी मी लग्नसराईत गिऱ्हाइकापुढे अस्तरं मांडते.
एकावर उधळलेला घोडा.
एकावर हसणारी बाई, जिनं जन्मात काजं केली नसतील.
एक फक्त पुरुषांसाठी.
"त्यात वेगळं काय?"
"डबा निळा हाय."
घोडा म्हणजे तीन ब्लाउज, अस्तरासकट.
मग त्यानं खणातून एक साधा पत्ता काढला,
पंधरा गोळ्या, अडतीस रुपये.
"आत तेच हाय, काकू. फक्त घोडा नाय."
सुटे पैसे देताना हळूच म्हणाला,
"लघवी पिवळी होईल, घाबरू नका,"
आणि स्वतःच लाजून कॅल्क्युलेटर दाबत बसला.

एसटीत चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली.
पत्त्यावरचा पत्ता कुठल्याशा डोंगरातल्या वसाहतीचा.
त्याखाली जस्त. तांबं.
म्हणजे भंडाऱ्याच्या बाजारातली पितळी गुंडी
मी रोज थोडी थोडी गिळणार!
एकटीच हसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.
मग पुढची ओळ: मँगनीज, दोन मिलिग्रॅम.

तिथे बोट थांबलं.
बाबा खाणीतून यायचे तेव्हा
न्हाणीतलं पाणी तीनदा काळं निघायचं,
चौथ्यांदा राखाडी.
आई त्यांचे कपडे वेगळ्या घमेल्यात भिजवायची.
शेवटी शेवटी कप बशीवर वाजायचा,
चहा बाबा पितायत की आणखी कोणी,
हे मला अंगणातून कळायचं.
बटण लावता येईना त्यांना.
मी सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून
बंद शिवून दिले, ते बांधायला आई होती.
दोन मिलिग्रॅम.
काजाचा एक टाकासुद्धा याहून जड असेल.
मी पत्ता पिशवीत उलटा ठेवला.

पहिली गोळी रात्री, जेवण झाल्यावर.
वास गंजक्या सुयांच्या डबीचा.
सोमवारी उपास, साबुदाण्यावर चालते की नाही ठरेना,
घेतली. महादेव काही बोलला नाही.
एक दिवस विसरले. दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्या का,
विचारायला फोन केला, तर योगेश्वर म्हणतो,
"एक गाडी सुटली तर दुसरीत दोन तिकिटं काढता का?"

पाय अजून अर्धा माझा, अर्धा मशीनचा.
जिभेला मात्र ठेच्याची ओळख पटू लागलीय.

दहाव्या दिवशी मोजल्या.
नऊ घेतल्या, सहा उरायला हव्या होत्या.
होत्या तीन.
"मले का मालूम," म्हणाले आमचे रेवाराम,
आणि टाकीची चावी शोधू लागले,
जी त्यांच्या कमरेलाच होती.

गावाचं पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे, पहाटे पाचला.
आज सव्वापाच झाले तरी दारातच उभे,
चेहरा तापातून उठल्यासारखा.
"आयकतं का," म्हणाले, "एक सांगाचं होतं.
कोनाले बोलू नको."
मी सुईत दोरा ओवत राहिले.
एकदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.
"पिवळं?"
त्यांनी फक्त मान हलवली.

गावात त्या दिवशी नळ
अर्धा तास उशिरा आले.