शेवटचं दार अडीच फुटांचं

बोरहॅमवुड. सत्तेचाळीसचा फेब्रुवारी,
नळ गोठलेले, कोळसा नाही, वीज दिवसातून अर्धी,
आणि तीन नंबरच्या स्टेजवर
लेनर्ड थ्रॅपस्टन उन्हाळा बांधत होता.

मी विद्यार्थी, हातमोज्यांना भोकं.
बाजारातल्या पाट्या रंगवायला त्यांना
'तिकडची' अक्षरं येणारा कुणीतरी हवा होता.
पाटीमागे चार शिलिंग.

हिंदुस्थान त्याने पाहिला होता
चहाच्या डब्यावर, आणि एका निवृत्त कर्नलच्या अल्बमात.
तरी गिलाव्याला पोपडे कुठे सुटतात,
बैलगाडीचा आस भिंतीला किती उंचीवर घासतो,
हे त्याला बोटांनीच कळायचं.

गल्ली चाळीस पावलांची, दिसायची अर्धा मैल.
पुढची दारं पुरुषभर,
मग खांद्याएवढी, मग कमरेएवढी,
शेवटचं दार अडीच फुटांचं.
तिथे फेटे बांधलेली, मिशा चिकटवलेली शाळकरी पोरं
लांबची म्हातारी होऊन बसायची,
रेशनच्या गोळ्या चघळत.
डोळ्यांत धूळ फेकतात म्हणजे काय, ते तिथे कळलं:
आधी ती दोनदा चाळून घेतात.

एका पाटीवर मी लिहिलं,
त्र्यंबक सोनटक्के, घड्याळदुरुस्ती, मिरज.
तो मागे येऊन उभा.
काय लिहिलंस?
वडिलांचं दुकान. नको असेल तर पुसतो.
पाइप विझेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला,
दार कुठल्या दिशेला?
पूर्वेला.
त्याने वर हाक मारली,
दोन माणसं शिडीवर चढवली
आणि अख्खा सूर्य डावीकडे सरकवला.

पडद्यावर ती पाटी दोन सेकंद,
नायिकेच्या खांद्यामागे, धूसर.
मिरजेला तो चित्रपट लागलाच नाही.
सोमवारी गल्ली पाडली.
त्याच फळ्यांचं व्हेनिस झालं, मग तुरुंग,
मग कुठल्याशा बिशपचं जेवणघर.

तेहतीस वर्षं. सहा राजवाडे, एक आगबोट,
चंद्राचासुद्धा एक तुकडा.
उभं काही नाही.
नाव यायचं सुरुवातीलाच,
लोक अंधारात खुर्च्या चाचपडत असताना.

निवृत्तीच्या दिवशी मी फाटकाशी होतो.
काखेत घडीची मोजपट्टी,
तो शेनली रोडने बसथांब्याकडे निघाला.
दोन्ही बाजूंची दारं एकाच उंचीची, विटा खऱ्या,
मागे खरी स्वयंपाकघरं.
तरी तो लहान होत गेला,
खांद्याएवढा, कमरेएवढा,
अडीच फूट.

इथे तर कुणी काही बांधलं नव्हतं.