बर्फ सुटल्यावर

एप्रिल संपताना मिनेसोटातलं तळं सुटतं
आणि आर्विडचा फोन वाजू लागतो:
धक्का वाकला, खांब उपटले,
पायरी शेजाऱ्याच्या आवारात जाऊन बसली.

तो छातीपर्यंत रबरी विजार चढवतो,
पाण्यात उतरतो, आणि आधी काहीच करत नाही.
पायानंच तळ चाचपतो. गाळ, गोटा, गाळ,
कुणाचा तरी चमचा.

"बर्फाशी भांडायचं नाही.
बोल्ट एक आटा ढिला सोड,
त्याला हलायचं तर हलू दे."
मी मान डोलावतो. हातात पाना, बोटं बधिर.

टॉर्गरसनबाई खिडकीतून बघतात.
नवरा गेला त्याच ऑगस्टात होडी विकली,
तरी धक्का हवा, होता तेवढाच,
अठ्ठावीस फूट.
"कुणी यायचंय का यांच्याकडे?" मी विचारलं.
आर्विडनं फळीवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मध्ये येईना.

शेवटची फळी मात्र त्यानं जुनीच बसवली,
कडेला चाकूच्या खाचा,
माशांची मापं, शेजारी साल.
बिलात ती धरली नाही.

संध्याकाळी बाई आल्या, घरातल्याच सपाता घालून.
टोकापर्यंत गेल्या.
धक्का जरासा हलला.
आम्ही हत्यारं उचलत होतो,
आर्विडनं वर पाहिलं नाही.